नाइन एमएम की बत्तीस? राजेहो, प्रश्नच चुकला!

परवा खामगावच्या बाजार समितीत ओळखीतला एक पोरगा भेटला. ठेकेदारी करतो, नवी गाडी घेतली आहे. मला बाजूला घेऊन म्हणतो, "काका, तुमच्याकडे लायसन आहे ना? मले सांगा, नाइन एमएम घेऊ का बत्तीस? घरासाठीही पाहिजे अन् कमरेलाही लावता आलं पाहिजे."

"काहून रे बाप्पा, कोणी धमकी दिली का?"

"तसं काही नाही. पण जमाना खराब आहे."

महिनाभरात हे विचारणारा तो चौथा. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. लांब आहे, पण पूर्ण वाचा. मग शिव्या द्यायच्या तर द्या.

आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाइन एमएम विसरा. ते प्रतिबंधित बोअर आहे, पोलीस आणि लष्कराचं. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाचा. तुमच्या-माझ्यासारख्याला उरतं ते मुख्यतः बत्तीस बोअर, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर किंवा त्याच बोअरचं पिस्तूल. २०१४ साली याच बोअरचं 'निर्भीक' खास महिलांसाठी म्हणून काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला रात्री एसटी स्टँडवरून एकटीला घरी जावं लागतं, तिच्यासाठी म्हणे!

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण इथेच गंमत आहे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक, किंवा पीक राखायला तोंडातून भरायची भरमार, यांचा परवाना नाकारायला ठोस कारण नसेल तर तो द्यायचा. आणि कमरेचं पिस्तूल? ते 'इतर'मध्ये. तिथे अधिकाऱ्याला योग्य कारण पटलं तरच. म्हणजे १९५९ सालीच कायदा करणाऱ्यांना कळत होतं की घर राखणं वेगळं आणि कंबर सजवणं वेगळं. आपल्याला अजून कळलं नाही.

आता माझं सांगतो. माझ्याकडे परवाना आहे, बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. काही वर्षांपूर्वी घराचं मागचं दार फोडून चोर शिरले. आम्ही लग्नाला गेलो होतो, म्हणून जीव वाचले असं सगळे म्हणाले. अडतीचा धंदा, घरात रोकड असते. अर्ज केला, चौकश्या झाल्या, चकरा झाल्या, शेवटी परवाना मिळाला. पहिले पंधरा दिवस छाती दोन इंच पुढे होती, खोटं कशाला बोलू!

मग खरं चित्र दिसायला लागलं. घरात नातवंडं, म्हणून हत्यार कपाटात कुलुपात. तसं सुरक्षित ठेवायची हमी परवान्याच्या वेळी आपणच लिहून देतो. किल्ली दुसरीकडे. म्हणजे रात्री दोन वाजता चोर आला तर चष्मा शोधा, किल्ली शोधा, कपाट उघडा, काडतुसं भरा. तोवर चोर चहा पिऊन जाईल. म्हणून मी शहाणपणा केला. भरलेलं रिव्हॉल्व्हर उशाखाली ठेवायला लागलो.

एका रात्री कंपाउंडच्या भिंतीवरून कोणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. लाइट गेलेली. मी उठलो, दाराशी आलो, अंधारात एक आकृती ओट्यावर. मी दोन्ही हातांनी धरलं आणि चाप ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात तो माणूस खोकला. माझा मुलगा! पुण्याहून न कळवता आला होता. गाडी उशिरा जलंबला आली, मोबाइल बंद पडलेला, गेटला कुलूप, म्हातारी माणसं कशाला उठवायची म्हणून भिंतीवरून आला.

मी गोळी झाडली नाही, याचं श्रेय माझ्या संयमाला नाही. त्या रिव्हॉल्व्हरचा चाप कडक आहे, एवढंच. मऊ चापाचं 'भारी' पिस्तूल घेतलं असतं तर आज ही पोस्ट लिहायला मी नसतो, जेलात असतो, आणि माझं पोरगं कुठे असतं ते मला लिहवत नाही. त्या रात्री बोअर कोणतं, गोळ्या किती, याला काडीचा अर्थ नव्हता. घरच्यापेक्षा सराव नसलेला माणूस आणि अंधार, हेच खरं हत्यार होतं.

"तुम्ही म्हातारे आहात काका, आम्ही नीट हाताळू." बरं. गोविंदाला तुम्ही ओळखता. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना गोळी सुटली आणि स्वतःच्याच पायात घुसली. त्याला पैशांची कमी होती की हत्यार हलकं होतं?

आणि कमरेला लावून फिरायचं म्हणता, तर हेही आठवा. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगर. सत्ताधारी पक्षाच्या आमदारानं पोलीस ठाण्यातच, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, गोळ्या झाडल्या. सहा दिवसांनी दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांचा खून झाला. झाडणाऱ्याच्या हातात पिस्तूल होतं अंगरक्षकाच्या परवान्याचं. दोन्ही हत्यारं कागदोपत्री 'स्वसंरक्षणासाठी'. रागाच्या वेळी कमरेला काठी असती तर डोकं फुटलं असतं. पिस्तूल होतं म्हणून गोळ्या चालल्या.

बीडचं तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाला उचलून नेऊन मारलं, त्यानंतर बाहेर आलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने आहेत. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ आले, मग परवाने रद्द करायची धावपळ झाली. मला एवढंच सांगा, त्या बाराशेतलं एक तरी हत्यार त्या सरपंचाच्या कामी आलं का?

आपल्याकडे बीड नको असेल तर आत्ताच बोललं पाहिजे. कारण आपली दुसरी डोकेदुखी त्याहून जवळ आहे. सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी, पुढे बडवानीतलं उमर्टी. तिथले देशी कट्टे जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वाटेनं खाली उतरतात. सोनाळा, टुनकीकडे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. लोक लगेच तिथल्या एका समाजाला शिव्या देतात. पण बनवणारा विकतो कोणाला? घेणारी पोरं आपली आहेत. वाढदिवसाच्या केकशेजारी कट्टा ठेवून रील टाकणारी. त्यांना कोणी सांगितलंय का, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच? आणि तो कट्टा नाइन एमएमचा असेल तर प्रतिबंधित हत्यार, सात ते चौदा वर्षं? परवाना असला तरी लग्नात हवेत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका रीलसाठी अख्खी जवानी!

आता व्यापारी मित्रांचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. चिखलीत नोव्हेंबर २०२१ मध्ये रात्री दुकान बंद करायच्या वेळी दरोडेखोर घुसले आणि एका व्यापाऱ्याचा जीव गेला. तेव्हापासून सगळे म्हणतात, पोलीस नंतर येतात, मग आम्ही काय करायचं? दुकानात बसणारा मीही आहे, ती भीती मला कळते. पण शांतपणे विचार करा. येणारा तयारीनं येतो, त्याच्या हातात आधीच हत्यार असतं. तुमचं गल्ल्यात किंवा कमरेला, शर्टाखाली. तुम्ही हात खाली नेला की पहिला वार तुमच्यावर. आणि हिसकावून नेलं तर परवान्यावरचा नंबर तुमचा.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ वाचा. रात्रीची घरफोडी, जिवावरचा हल्ला, यात हल्लेखोर मेला तरी बचाव मिळू शकतो. पण गरजेपुरतंच, त्याहून जास्त नाही. पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही वीर नाही, आरोपी आहात.

आणि एक विनोद सांगतो. वातावरण सगळ्यात जास्त तापतं ते निवडणुकीत. नेमकं तेव्हाच आमच्यासारख्यांचं हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात. म्हणजे प्रशासनालाही माहीत आहे की या पिस्तुलांनी शांतता राहत नाही, बिघडते.

मी परवाने बंद करा म्हणत नाही. ज्याला खरा, नोंदलेला धोका आहे त्याला द्या, वेळेत द्या. रानडुक्कर आणि रोह्यांनी ज्याचा मका उभा आडवा केला, त्याचा भरमारचा अर्ज धूळ खाऊ देऊ नका. कायद्यानं पहिला मान त्याचा आहे. पण 'जमाना खराब आहे' हे कारण नाही, ती हौस आहे.

मागायचंच असेल तर हे मागू या. आपल्या तेराही तालुक्यांत चालू परवाने किती, गेल्या पाच वर्षांत नवे किती, त्यातले राजकीय पदाधिकारी आणि ठेकेदार किती, गुन्हे दाखल असलेल्यांचे किती आहेत, हे जिल्हा प्रशासनानं जाहीर करावं. नावं नकोत, आकडे द्या. बाजारपेठेत रात्री नऊ ते अकरा पायी गस्त द्या. ११२ ला फोन केल्यावर गाडी किती मिनिटांत पोचते, ते ठाणेवार सांगा. गावोगावी ग्रामरक्षक दल कागदावरून रस्त्यावर आणा. आकड्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज मी टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकीन.

आणि त्या ठेकेदार पोराला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. दाराला आतून अडसर लाव, मागे लाइट लाव, कुत्रं पाळ, शेजाऱ्याशी बोलणं ठेव. अन् रात्री उशिरा घरी येणार असशील तर आधी फोन कर. कोणाच्या बापाकडे बत्तीस बोअर आहे, सांगता येत नाही.