ढग कुणी पळवले?

समुद्र जवळ नसलेल्या माणसाला समुद्रावरची कादंबरी जास्त चढते, असं माझं ठाम मत आहे. आपण बीदर-कलबुर्गीकडची माणसं. आपल्याकडे पाणी म्हणजे मांजरा, कारंजा, भीमा, नाहीतर बोअर. त्यामुळे लाटा, बेटं आणि त्सुनामी असलेलं पुस्तक हाती आलं की रात्र कशी सरते कळत नाही. मायकल क्रायटन यांची ‘स्टेट ऑफ फियर’ ही अशीच इंग्रजी कादंबरी, डिसेंबर २००४ मध्ये आलेली. ‘ज्युरासिक पार्क’चे लेखक म्हणून क्रायटन आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. मंडळातल्या मित्रांनी ही कादंबरी जरूर वाचावी. पण ती कशी वाचावी, याबद्दल मला थोडं भांडायचं आहे.

आधी गोष्ट सांगते. काही पर्यावरणवादी अतिरेकी हवामानबदलाची भीती लोकांच्या मनात बसावी म्हणून संकटं स्वतःच घडवून आणायचं ठरवतात. अंटार्क्टिकात बर्फाचा अजस्र तुकडा तोडायचा, अमेरिकेत अचानक पूर आणायचा आणि शेवटी सॉलोमन बेटांजवळ समुद्राच्या तळाशी भूस्खलन घडवून कॅलिफोर्नियाच्या दिशेनं त्सुनामी सोडायची. हे सगळं एका हवामान परिषदेच्या मुहूर्तावर. यामागे एका पर्यावरण संस्थेचा प्रमुख असतो. त्याला रोखायला केनर नावाचा प्राध्यापक, त्याचा नेपाळी साथीदार संजोंग थापा आणि एक तरुण वकील जगभर धावतात. वेग असा की पान खाली ठेववत नाही.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाहीये. कादंबरीत काहीही घडावं, तो लेखकाचा हक्क. पण क्रायटन यांनी गोष्टीला तळटीपा जोडल्या, आलेख छापले, शेवटी संदर्भग्रंथांची लांबलचक यादी दिली. पात्रं खोटी, पण टीपा खऱ्या, असा हा मामला. वाचकाला वाटतं, एवढे पुरावे दिलेत म्हणजे तापमानवाढ हाच एक बनाव असणार.

एकच उदाहरण घेऊ. जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञानं १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर तापमानवाढीबद्दल साक्ष दिली. त्याच्या अंदाजात तीन शक्यता होत्या : प्रदूषण झपाट्यानं वाढलं तर काय, मध्यम वाढलं तर काय, आणि आवरलं तर काय. त्याला स्वतःला मधली शक्यता जास्त खरी वाटत होती आणि पुढचं तापमान तिच्याच आसपास राहिलं. कादंबरीतलं पात्र मात्र सांगतं की हॅन्सनचा अंदाज तब्बल ३०० टक्क्यांनी चुकला. कसा? तर तीनपैकी फक्त सर्वांत टोकाचा अंदाज उचलून. टीप आहे, आकडा आहे, फक्त अर्धी गोष्ट गाळलेली आहे. आणि याच कादंबरीच्या बळावर सप्टेंबर २००५ मध्ये क्रायटन यांना सिनेटच्या समितीनं साक्षीला बोलावलं! कादंबरीकार हवामानाचा साक्षीदार झाला, हे मला कादंबरीपेक्षाही थरारक वाटतं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं आपल्याला काय? तर जरा आपल्याकडे बघा. जून-जुलैत पाऊस दडी मारतो, तुरीच्या पेरण्या खोळंबतात आणि मग पारावर कुणीतरी म्हणतंच, “विमानानं ढग पळवले.” आपण तर घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि बाजारात हिंदी-दखनी वापरणारे लोक. म्हणजे ही एकच कटकथा आपल्या मोबाईलवर तीन-तीन भाषांत येते. क्रायटन न वाचताच आपण त्यांचे वाचक आहोत.

विमान खोटं नाही, हे मात्र लक्षात घ्या. शेजारच्या सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात ढगांत बीजारोपणाचा शास्त्रीय प्रयोग केला. २७६ ढग निवडले. काहींत क्षार फवारले, काही तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. फवारलेल्या ढगांच्या पट्ट्यात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. पण यासाठी मुळात पाणी भरलेला ढग डोक्यावर असावा लागतो. कोरड्या आभाळातून विमान पाऊस काढू शकत नाही, आणि ढग दावणीचा बैल नाही की सोडून दुसऱ्या गावाला न्यावा. विमान दिसलं आणि ढग विरला, तर ती कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ.

मग कट नसतातच का? असतात की. एक्झॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून तापमानवाढीचे अंदाज बांधले होते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते तपासले गेले, तेव्हा त्यातले ६३ ते ८३ टक्के अंदाज अचूक निघाले. आत हे ठाऊक असताना बाहेर मात्र कंपनी वर्षानुवर्षं या विज्ञानाबद्दल शंका पेरत राहिली. पण हे उघडकीला आलं ते जुनी कागदपत्रं वाचून, आकडे जुळवून. ती कागदपत्रं कुणीही तपासू शकतो. ‘ढग पळवले’ म्हणणाऱ्याकडे तपासायला काय आहे? खरा आरोप आणि अफवा यांतला फरक मला इथे दिसतो.

आणि समुद्राचं साहस म्हणाल, तर तेही आपल्या दारात येऊन गेलंय. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ जमिनीवर आला आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक, महाराष्ट्र ओलांडत थेट अरबी समुद्रात उतरला. वाटेत धो-धो पाऊस, वरून उजनीतून सोडलेलं पाणी. अफझलपूर, जेवर्गी भागात भीमा गावांत शिरली आणि शेतात उभी असलेली तूर, कापूस पाण्याखाली गेला. एका समुद्रातून निघून दुसऱ्यात पोचलेल्या या वादळात कुणीच खलनायक नव्हता. तरी यात थरार आहेच : गरम होत चाललेला समुद्र, हवेत वाढलेली वाफ, धरणाचे दरवाजे केव्हा उघडायचे याचा निर्णय, आणि खालच्या गावाला निरोप वेळेत पोचतो की नाही याची धाकधूक.

थरारकथेला खलनायक लागतो, कारण तो पकडला की गोष्ट संपते आणि आपण निवांत झोपतो. कटकथा म्हणूनच गोड लागते. तिच्यात दोष कायम दुसऱ्याचा असतो आणि आपल्याला काही करावं लागत नाही. पण विमानाला शिव्या घालण्यात हंगाम गेला, तर शेततळं, पीकविमा, धरणाच्या विसर्गाची सूचना हे विचारायचं राहून जातं. नुकसान होतं ते इथे.

मराठीत जयंत नारळीकरांनी ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्यांतून विज्ञानाला धक्का न लावता गोष्ट रंगवता येते, हे दाखवून दिलंय. मग भीमेच्या पुराची कादंबरी आपल्यापैकी कुणी का लिहू नये? तोवर मंडळापुढे माझा एक साधा प्रस्ताव. ‘स्टेट ऑफ फियर’ आपण गटानं वाचू. प्रत्येकानं एक-एक तळटीप वाटून घ्यायची, तिचा मूळ कागद शोधायचा आणि पुढच्या बैठकीत सांगायचं : लेखकानं यातलं काय घेतलं आणि काय गाळलं. ही सवय एकदा लागली, की मोबाईलवरचा पुढचा निरोपही आपण तसाच वाचू.