कृपा म्हणजे उचल नव्हे

मुंबई-गोवा महामार्गावर पेणहून कोलाडकडे निघालेल्या ट्रकांवरची अक्षरे वाचावीत, रोह्याच्या बाजारपेठेतील दुकानांच्या पाट्या पाहाव्यात किंवा घरी आलेली कोणतीही लग्नपत्रिका उघडावी. 'कृपा' हा शब्द हटकून भेटतो. आपण ख्रिस्ती माणसे तर एका रोजरीत ५३ वेळा 'नमो मारिया' म्हणतो आणि दर वेळी त्या माउलीला कृपेने परिपूर्ण म्हणून हाक मारतो. ओठांवर इतका रुळलेला हा शब्द मनात मात्र कोणत्या अर्थाने वसतो, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. आमचे स्पष्ट मत असे, की आपल्या धर्मग्रामांतून 'कृपा' या नावाखाली ज्याची देवघेव चालते, ती बहुतेक वेळा कृपा नसते. ती उचल असते.

उचल म्हणजे काय, हे पेण-रोह्याकडच्या वाचकांस सांगावयास नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात कातकरी कुटुंबाच्या घरात दाणा उरत नाही, कोणी आजारी पडते, लग्नकार्य निघते. अशा वेळी वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी काही रक्कम हातावर ठेवतो. दिवाळी आटोपली, की ते कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते. आठवड्याची खर्ची मिळते, तीही हिशेबात मांडली जाते. पावसाच्या तोंडावर वही उघडली, की बहुधा बाकी निघते आणि ती बाकी फेडण्यासाठी पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर यावे लागते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. वही मात्र मिटली नाही. यातली खोच अशी, की उचल हाती पडते त्या घटकेला ती उपकारासारखी दिसते. घेणारा हात जोडतो, देणारा दाता ठरतो. तिचे खरे रूप वही उघडल्यावर कळते.

आता आपल्या भक्तीकडे वळू. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्यकारी मातेची नोव्हेना चालते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे विकली जातात; दुखणाऱ्या अवयवाची किंवा हव्या असलेल्या वस्तूची मेणाची प्रतिमा मातेच्या चरणी ठेवण्याची रीत आहे. या श्रद्धेची थट्टा करण्याचे पाप आम्ही करणार नाही. लेकराने आईपाशी गाऱ्हाणे मांडावे, यात वावगे काही नाही. मेणाचा पाय ठेवणाऱ्या म्हातारीच्या मनात जो विश्वास असतो, तो पुष्कळ पंडितांच्या ठायी आढळत नाही. आमचा आक्षेप त्या म्हातारीवर नाही. नऊ बुधवार भरले म्हणजे देव बांधला गेला, एक चुकला तर पहिल्यापासून मोजणी सुरू, अमुक प्रार्थनेच्या इतक्या प्रती वाटल्या तर काम फत्ते आणि न वाटल्या तर अरिष्ट, असे जे शिकवले जाते, त्यावर आमचा आक्षेप आहे. अशा शिकवणीत स्वर्गस्थ पित्याच्या हाती मुकादमाची वही येते.

ही केवळ भोळेपणाची बाब असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. या वहीने माणसे घायाळ होतात. एखाद्या घरात मूल दीर्घकाळ आजारी असते. आईबाप उपवास करतात, तीर्थयात्रा करतात, आरोग्यदानाच्या प्रार्थनासभांना जातात. मूल बरे होत नाही. मग कोणी तरी, कधी शेजारी तर कधी व्यासपीठावरचा प्रवचनकार, त्यांना सांगतो, की तुमची श्रद्धा उणी पडली. आधीच वाकलेल्या खांद्यांवर हे अपराधाचे ओझे टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय धुडकावले. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला आणि कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर त्याला मिळाले. पौलाची श्रद्धा उणी होती, असे म्हणण्याची छाती या प्रवचनकारांना आहे काय?

कोणी म्हणेल, 'केवळ कृपेने तारण' ही तर प्रॉटेस्टंटांची भाषा झाली. आम्हां कॅथलिकांना सत्कृत्यांचे पुण्य मान्य आहे. हा गैरसमज जितका जुना, तितकाच हट्टी आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या संन्याशाने असे प्रतिपादले, की मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप जीवन जगू शकतो. त्याला उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे महागुरुस्वामी संत ऑगस्टिन यांनी खोडून काढले. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने त्या मताचा धिक्कार केला. पुढे ५२९ साली ओरांज येथील परिषदेने आणखी एक पाऊल टाकून सांगितले, की श्रद्धेची पहिली ओढ हीसुद्धा देवाचीच देणगी असते. ल्यूथरशी वाद रंगात असताना भरलेल्या ट्रेंट परिषदेनेही १५४७ च्या आपल्या हुकूमनाम्यात हेच ठरवले: नीतिमान ठरण्यापूर्वीची मनुष्याची कोणतीही गोष्ट, मग ती श्रद्धा असो वा कृती, ती कृपा कमावू शकत नाही. म्हणूनच ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक संघ यांना या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या करता आल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली पावित्र्यावर लिहिलेल्या आपल्या प्रबोधनपत्रात पेलाजियसच्या नव्या अवताराविषयी इशारा दिला, तो परक्यांस उद्देशून नव्हता. आपल्या सत्कृत्यांची मोजदाद करणाऱ्या आपल्याच धार्मिक माणसांस होता. कर्मावर कमाई सांगणे ही कॅथलिक श्रद्धा नाही. तो तिला जडलेला जुना आजार आहे.

मग मनुष्याने काहीच करावयाचे नाही काय? या प्रश्नाचे उत्तर रोह्याच्या नदीकाठी शोधता येते. मार्च-एप्रिलात कोकणातील बहुतेक नद्या आटून डोहांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र वाहत असते. त्याचे कारण तिच्या स्वतःच्या उगमात नाही. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली उतरते आणि कुंडलिकेला मिळते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी शेतांत जाते आणि ऐन उन्हाळ्यात भाताची दुसरी पिके उभी राहतात. शेतकऱ्याला कामे पुष्कळ आहेत. पाट साफ ठेवावा लागतो, बांध घालावा लागतो, चिखलणी आणि लावणी करावी लागते. पाट बुजलेला असेल, तर कालव्याच्या कडेचे शेतही कोरडे राहते. परंतु पाट साफ केल्याने पाणी निर्माण होत नाही, आणि कोणी शहाणा शेतकरी हे पाणी आपल्या कुदळीने निर्माण केले, असे म्हणत नाही. प्रार्थना, उपवास, संस्कार, दानधर्म यांचे स्थान हेच. ते पाट आहेत. ते नेमाने राखावेत. मात्र त्यांच्या जोरावर धरणाच्या मालकीचा दावा सांगू नये.

या पाण्याला आणखी एक बाजू आहे, ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल. धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांची घरेदारे आणि भातशेती पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ साली त्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. आपल्या शिवारात आलेल्या पाण्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. दृष्टान्त इथे थांबतो, कारण मुळशीकरांकडून ती किंमत बळाने वसूल झाली, तर क्रूसावर प्रभूने ती स्वेच्छेने दिली. फुकट मिळणे निराळे आणि स्वस्त असणे निराळे. जर्मन पाळक डीट्रिश बॉनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात स्वस्त कृपेवर कोरडे ओढले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझींच्या फासावर जाऊन महाग कृपेचा अर्थ दाखवला.

आणि आता पुन्हा भट्टीकडे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त आपण प्रत्येकाने ऐकला आहे. राजाने एका दासाला दहा हजार तालांतांचे ऋण माफ केले. बाहेर पडताच त्या दासाने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तेव्हा माफ झालेले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते. पण सोबत्याचे शंभर दिनारही क्षुल्लक नव्हते; भट्टीच्या हिशेबाने ती जवळजवळ अर्ध्या हंगामाची कमाई झाली. प्रभू आपणांस चिल्लर सोडून देण्यास सांगत नाही. सोडताना हात जड व्हावा, एवढी ती रक्कम आहे.

म्हणून आम्ही विचारतो: रविवारी मिस्साबलिदानात विनामूल्य क्षमा घेणाऱ्या आपल्या घरांत सोमवारी कोणती वही उघडी असते? घरकामाच्या बाईला दिलेली आगाऊ रक्कम तिला बांधून ठेवण्यासाठी तर वापरली जात नाही ना? गावी बांधलेल्या बंगल्याच्या विटा कोणी पाडल्या आणि त्याचा हिशेब कसा मिटला, हे आपण कधी विचारले काय? चर्चच्या पायरीशी गरीब मनुष्य उभा राहिला, की हा कशासाठी आला, असे कुजबुजणारे कोण असतात? कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईत पोर्तुगीज काळापासूनचा आपला ख्रिस्ती समाज आहे. वसई, चौल, मुंबई येथेही पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी आहेत. या वारशाचा अभिमान जरूर असावा. पण आपल्यापैकी कोणी आपला बाप्तिस्मा कमावलेला नाही. आईच्या कडेवर असताना तो आपणांस मिळाला. काल आलेला आणि चारशे वर्षांपूर्वी आलेला, दोघेही द्राक्षमळ्यातील त्याच दिनाराचे धनी आहेत.

मराठी मातीला हे परके नाही. 'पसायदान' या शब्दातला 'पसाय' म्हणजे प्रसाद. ज्ञानदेवांनी १२९० साली एवढा मोठा वाग्यज्ञ पुरा केला आणि शेवटी मजुरी मागितली नाही. प्रसाद मागितला, तोही सर्वांसाठी. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून आपली श्रद्धा या भाषेत नांदते आहे. मग 'कृपा' शब्दाचा अर्थ आपल्याच तोंडी का हरवावा? लिस्यूची संत तेरेजा रिकाम्या हातांनी देवासमोर जाऊ इच्छीत होती, आणि ख्रिस्तसभेने १९९७ साली तिलाच धर्मपंडिता म्हणून गौरवले.

लेवीयच्या ग्रंथात पन्नासावे वर्ष योबेल म्हणून सांगितले आहे: त्या वर्षी दास मुक्त होतात आणि गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. त्याच परंपरेतून २०२५ हे पवित्र वर्ष ख्रिस्तसभेने जाहीर केले. यात्रा झाल्या, पवित्र दारे ओलांडली गेली. ज्यांच्या घरात कोणाच्या नावाची बाकी लिहिलेली आहे, त्यांनी ती एक ओळ खोडावी आणि ज्याच्या नावे ती होती त्याला जाऊन तसे सांगावे. त्यानंतर म्हटलेल्या 'नमो मारिया'तील कृपेचा अर्थ समजावून सांगण्यास कोणा प्रवचनकाराची गरज पडणार नाही.