देवाचा न्याय आणि देवाची कृपा

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने चिखली-आंबेवाडी बुडवली. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा शहरात शिरले. त्या दिवसांत आमच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्यांवर एक वाक्य वारंवार कानी पडे : "पाप वाढलं, देव कोपला." काही ख्रिस्ती मंडळीही नोहाच्या जलप्रलयाचा दाखला देऊन तेच सांगत. मी ख्रिस्ती आहे. देवाच्या न्यायावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच हे वाक्य मला मान्य नाही.

येशूच्या काळी शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली. ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न येशूनेच काढला आणि 'नाही' असे उत्तरही दिले. मात्र ऐकणाऱ्यांना त्याने स्वतःच्या पश्चात्तापाची आठवण करून दिली. न्यायाचे बोट शेजाऱ्याकडे नव्हे, आपल्याच छातीकडे वळले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या प्रसंगीही प्रश्न साधेच आहेत : भुकेल्याला अन्न दिलेस का? परक्याला आसरा दिलास का? या कसोटीने पाहिले तर आरोपीच्या पिंजऱ्यात पुरात सापडलेला माणूस उभा नसून कोरड्या जागी उभे असलेले आपण आहोत.

पंडिता रमाबाईंचे (1858–1922) चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करणारे अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. तीर्थे, व्रते, उपवास यांत आयुष्य घालवलेले आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेले. तो त्यांच्या पापाचा झाडा होता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पुढे 1883 मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण तारण ही कमाई नसून देणगी आहे, हे त्यांना त्यानंतर कित्येक वर्षांनी उमगले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी केडगावला घर उभारले, त्याचे नाव 'कृपासदन'. लोकांनी निकाल देऊन टाकला होता. रमाबाईंनी दार उघडले.

माझे वर्गमित्र विचारतात, "कृपा फुकट मिळते, तर सदाचार कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण कृपा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे. उधळ्या पुत्राला बापाने मिठी मारली, तरी उधळलेली इस्टेट उधळलेलीच राहिली. ख्रिस्ती माणूस क्रूसाकडे पाहतो तो याचसाठी : तेथे पाप क्षुल्लक ठरत नाही आणि पापी टाकाऊही ठरत नाही. न्यायावाचून कृपा ही अन्याय सोसलेल्याची थट्टा होईल; कृपेवाचून न्याय चुकलेल्याला उठूच देणार नाही.

हा विचार परका आहे असेही मला वाटत नाही. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्यालाही कृपा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते, की न्यायासनावर देवाला बसू द्यावे. ती जागा आपली नाही. आपल्या वाट्याला दार उघडण्याचे काम आले आहे, आणि आपला न्याय होईल तो त्याच कामावरून.