घराचा रंग आणि मजुराचा जीव

आमच्या वडिलांनी बांधलेल्या दुमजली घराचा बाहेरचा गिलावा फुगला, तडे गेले, भिंतीत ओल उतरली. गिलावा आणि रंगाचे काम ठेकेदाराला दिले. दरावर भरपूर घासाघीस केली आणि त्याला वाकवले म्हणून खूशही झालो. तिसऱ्या दिवशी पाहतो तर दोन मजूर बांबूच्या परांचीवर उभे. ना डोक्यावर हेल्मेट, ना कमरेला पट्टा. जाब विचारला तर ठेकेदार म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही दिलेल्या दरात पट्टा कुठून आणू?"

आम्ही निरुत्तर झालो. न्यायालयात कामगारांची बाजू मांडणारे आम्ही. आमच्याच दारात त्यांच्या जिवाचा भाव पाडून बसलो होतो!

कायदा इथे तोकडा पडतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम वगळले होते. २०२० च्या कामगार संहितांनी ती मर्यादा ५० लाखांवर नेली. म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरी मजुराला राखायचे ते मालकानेच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दारावर 'भीमकृपा' कोरणाऱ्यांनी एवढे तरी करावे: करार लेखी करावा, पट्टा, हेल्मेट, भक्कम परांची यांचा खर्च वेगळा लिहावा आणि त्यात एक रुपयाही तोडू नये. आम्ही काम थांबवले, वाढीव पैसे दिले, पट्टे आल्यावरच माणसे वर चढली. परांचीवरचा माणूस बहुधा आपल्याच वस्तीतला असतो, हे विसरू नका.