जलवाहिनीची किंमत मीटरवर ठरू नये

बंगळुरूचे पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून येते. कावेरीतून उचललेले हे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून सुमारे ५०० मीटर उंच चढवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्यामुळे त्यात प्रतिदिन ७७.५ कोटी लिटरची भर पडली. हा टप्पा प्रामुख्याने शहराच्या हद्दीत आलेल्या ११० गावांसाठी आहे. एके काळी मात्र या शहरातील जवळजवळ निम्म्या पाण्याचा हिशेब लागत नव्हता. अनधिकृत जोडण्या व सदोष मीटर यांबरोबरच जुन्या वाहिन्यांची गळती हे त्याचे मोठे कारण होते. गळालेल्या प्रत्येक लिटरबरोबर ते चढवण्याची वीजही मातीत जाते.

गळतीचा दुसरा परिणाम हिशेबाच्या वहीत दिसत नाही. पाणी अपुरे पडले की ते दिवसाआड सोडले जाते. वाहिनी रिकामी असताना तिच्यातील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरू शकते. इकडे घरोघरी पिंपे व टाक्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अशाच साठ्याच्या काठावर अंडी घालते. ही अंडी कोरड्या स्थितीत अनेक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच आठ-दहा दिवसांत त्यांतून डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसते रिकामे करणे पुरेसे नाही, ते घासलेही पाहिजे. परंतु जोवर नळाचा भरवसा नाही, तोवर पिंप हटणार नाही. डासनियंत्रणाचे एक मूळ जमिनीखालच्या सांध्यात आहे, ते असे.

सर्वत्र चालेल अशी एकच वाहिनी नाही. जुन्या बिडाच्या वाहिन्या दीर्घायुषी, पण ठिसूळ, हादऱ्याने तडकणाऱ्या. जस्तलेपित लोखंडी नळ गंजतो व आतून अरुंद होत जातो. सिमेंटचे अस्तर असलेली डीआय वाहिनी मोठ्या व्यासासाठी आणि वर्दळीच्या रस्त्याखाली भक्कम ठरते. छोट्या व्यासात तिचा खर्च जड जातो. एचडीपीई गंजत नाही, वाकते आणि तिचे सांधे वितळवून जोडता येतात. मात्र कच्च्या हाताने केलेला जोड हीच तिची दुबळी जागा. यूपीव्हीसी स्वस्त व हलकी आहे, पण उन्हात उघडी पडून राहिल्यास ठिसूळ होते.

निवडीचा निर्णायक साक्षीदार माती आहे आणि ती शेतकऱ्याइतकी कोणाला ठाऊक नसते. उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात फुगणारी काळी माती वाहिनी हलवते, सांधे ओढते. तेथे लवचीक वाहिनी आणि तिच्याखाली-भोवती वाळूची किंवा बारीक मुरमाची गादी हवी. खारवट जमिनीत लोखंडी वाहिनीला बाहेरून संरक्षक आवरण हवे. खडकाळ चरात टोकदार दगडांवर प्लॅस्टिकची वाहिनी टेकवणे म्हणजे पुढच्या गळतीची आजच पेरणी करणे होय.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे गावोगावी वाहिन्या टाकल्या गेल्या. त्यांची देखभाल व विस्तार यांचा भार पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. तेथे विस्तार कार्यकर्त्यांनी आणि जाणत्या शेतकऱ्यांनी काही आग्रह धरले पाहिजेत. वाहिनीवर मानक चिन्ह असावे: डीआयसाठी आयएस ८३२९, एचडीपीईसाठी आयएस ४९८४, यूपीव्हीसीसाठी आयएस ४९८५. दाबाचा वर्ग गावाच्या चढउतारानुसार निवडावा. चर बुजवण्यापूर्वी दाबचाचणी सर्वांसमक्ष व्हावी. शेतात उरलेला सिंचनाचा पाइप पिण्याच्या पाण्याला जोडू नये.

निविदेत प्रतिमीटर दर दिसतो. खोदकाम, दुरुस्ती, वाया गेलेली वीज आणि आजारपण दिसत नाही. शेतकरी बियाणे घेताना पिशवीच्या किमतीबरोबर उतारा पाहतो. तोच निकष जलवाहिनीला लावला, तर आज महाग वाटणारी वाहिनी अनेकदा स्वस्त ठरेल.