परसातील कोंबडी आणि तिच्या अंड्याचे कवच

सकाळी खुराडे उघडल्यावर हाती आलेले अंडे बोट लागताच पिचकते. कधी कवचच नसते. नुसत्या पातळ पडद्यात गुंडाळलेले अंडे मातीत पडलेले आढळते. अशा वेळी दोष बहुधा कोंबडीवर येतो. जात हलकी निघाली, दृष्ट लागली, असे नाना तर्क केले जातात आणि दोन-चार दिवसांत ती कोंबडी सुरीखाली जाते. वस्तुतः बहुतेक प्रसंगी कोंबडीने काहीच कसूर केलेली नसते. जे तिला खाण्यातून मिळाले नाही, ते ती अंड्याला देऊ शकत नाही.

अंड्याचे कवच सुमारे साडेपाच ग्रॅम वजनाचे असते आणि त्यात शेकडा ९४ भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, असतो. त्यातील निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमांहून थोडे अधिक भरते. अंडे तयार होण्यास लागणाऱ्या २४ ते २६ तासांपैकी सुमारे २० तास ते कवचग्रंथीत असते, आणि कवचाचा मोठा भाग रात्री, कोंबडी झोपेत असताना, चढतो. त्या वेळी पोटात कॅल्शियम नसेल, तर रक्त ते हाडांतून उचलते. कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यात मिळून ते जेमतेम २० ग्रॅम असते. म्हणजे एका अंड्यापायी सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके कॅल्शियम खर्ची पडते. अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या हाडांच्या पोकळीत या कामासाठी एक वेगळा साठा निसर्गाने केलेला असतो. परंतु तो आटला की मूळ हाडालाच हात लागतो. अशी कोंबडी पुढे पाय टाकीनाशी होते आणि घरचे म्हणतात, तिला वात झाला.

परसात तिला मिळते ते मूठभर धान्य, कोंडा आणि खरकटे. १०० ग्रॅम ज्वारी, तांदूळ किंवा मका यांत कॅल्शियम ५० मिलिग्रॅमही नसते. नाचणी हा सन्माननीय अपवाद होय. तीत १०० ग्रॅमांमागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. पण नियमित अंडी देणाऱ्या कोंबडीची रोजची गरज साडेतीन ते चार ग्रॅमांची असल्यामुळे नाचणीनेही भागत नाही. भाताच्या कोंड्याची तर उलटीच तऱ्हा. त्यातील स्फुरद बहुतांशी फायटेटच्या रूपात असतो व तो असलेल्या कॅल्शियमलाही बांधून ठेवतो.

मग पूर्वीची गावठी कोंबडी कशी निभावून नेत असे? ती अंडीच थोडी देई. वर्षाकाठी ५० ते ७०. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसे, पिले काढी, त्यांना घेऊन दोन-तीन महिने उकिरडे उकरीत हिंडे. त्या सुटीत किडे, गोगलगायी, भिंतीचे पोपडे असे काहीबाही खाऊन तिची हाडे पुन्हा भरून निघत.

गेल्या काही दशकांत हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेले वनराज व ग्रामप्रिया यांसारखे वाण देशभर खेड्यांतून पोहोचले आहेत. अनेक राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी अशा वाणांची पिले वाटली आहेत, आणि हे काम निःसंशय चांगले आहे. ग्रामप्रियाची कोंबडी गावठीच्या दुपटीहून अधिक अंडी देते. परंतु ती खुडूक बसत नाही. बसू नये म्हणूनच तर अशा वाणांची निवड होते. कोंबडी बदलली, तिची सुटी काढून घेतली, आणि ताटातील मूठ मात्र जुनीच राहिली. पिलांबरोबर शिंपल्यांच्या चुऱ्याची एक पिशवी आणि ती कशी वापरावी याची चार वाक्ये जात नसतील, तर ती योजना अर्धीच म्हटली पाहिजे. पाच-सात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला फुटलेल्या अंड्याचे पैसे कोणी भरून देत नाही.

उपाय स्वस्त आहे. कोकणात तिसऱ्यांचे शिंपले मिळतात, केरळात वेंबनाड सरोवरातील शिंपले मिळतात. समुद्रापासून दूर चुनखडीची बारीक खडी चालते. घरातील अंड्यांची टरफले वाळवून, भाजून, कुटून घालावीत. मात्र टरफल ओळखू येईल असे टाकू नये, नाहीतर कोंबडीला स्वतःची अंडी फोडून खाण्याची चटक लागते. चुरा पिठासारखा नको, जाडसर हवा. जाड कण कोंबडीच्या पेषणीत रात्रभर राहतात व सावकाश विरघळतात; म्हणून तो संध्याकाळी पुढे ठेवणे उत्तम. तो दाण्यात कालवू नये, निराळ्या वाटीत ठेवावा. अंड्यावर असलेली कोंबडी गरजेइतका उचलते. वाढत्या पिलांना मात्र जादा कॅल्शियम मूत्रपिंडांस बाधते. पानाला लावावयाचा चुना दाहक असतो. तो कोंबडीला कदापि घालू नये.

प्रत्येक वाईट अंड्याला शिंपला हे उत्तर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. नागपूरकडच्या मे महिन्यात ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो. तेथे सावली व गार पाणी यांचाच उपयोग. वय वाढते तसे अंडे मोठे होते पण कवचाचे द्रव्य तेवढेच राहते. अशा कोंबडीचे पातळ कवच फारसे सुधारत नाही. आणि साऱ्या खुराड्याची अंडी एकाएकी वेडीवाकडी, सुरकुतलेली, पाणचट पांढऱ्याची येऊ लागली, तर तो रोग समजावा. श्वासनलिकेचा सांसर्गिक रोग असेल किंवा मानमोडी, जिला शास्त्रज्ञ कुमाऊँमधील गावावरून रानीखेत म्हणतात. तेव्हा पशुवैद्याला बोलवावे. मानमोडीची लस आहे, पण ती रोग येण्यापूर्वी टोचून घ्यावयाची असते.

गिऱ्हाईक मात्र भलत्याच गोष्टी पाहते. तपकिरी कवच पाहून ते चार पैसे जास्त देते, वास्तविक तो रंग कोंबडीच्या वाणाचा, पौष्टिकतेचा नव्हे. बलकाचा गडद पिवळा रंग हिरव्या पाल्यातून व मक्यातून येतो. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की अंडे फेकले जाते. तो अंडाशयातील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याची खूण असते आणि शिजवलेले अंडे खाण्यास हरकत नसते. कवचाचा कणखरपणा तेवढा कोणी विचारीत नाही. तो विचारते फक्त बाजाराला निघालेली, टोपलीत भाताचे तूस अंथरून अंडी रचणारी बाई.