विश्लेषण : एअरगनची स्प्रिंग बदलली तर गुन्हा ठरतो का?

धुळ्यातील एकवीरादेवीची यात्रा असो की मुक्ताईनगरची, फुगे फोडण्याच्या दुकानावरील छर्‍याची बंदूक कुणालाच शस्त्र वाटत नाही. शेतातील पाखरे हुसकावण्यासाठी, नेमबाजीच्या सरावासाठी किंवा निव्वळ हौस म्हणूनही एअरगन घेतली जाते. तिला परवाना लागत नाही, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ही सवलत सरसकट नाही. बंदुकीच्या आतला एखादा भाग बदलल्यावर ती संपूही शकते. बाहेरून बंदूक तशीच दिसते, पण कायद्याच्या लेखी ती वेगळी वस्तू झालेली असते. हे कसे घडते आणि त्याचे परिणाम काय, याविषयी…

एअरगन आणि एअरसॉफ्ट यांत फरक काय?

दोन्हींत दारू नसते. दाबलेल्या हवेने किंवा वायूने गोळी फेकली जाते. एअरगनमध्ये साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा धातूचा छर्रा वापरतात. एअरसॉफ्टमध्ये ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी असते आणि तिचे वजन ०.२ ग्रॅमच्या आसपास असते. एअरसॉफ्ट हा लुटुपुटीच्या लढाईचा खेळ असून तो जपानमध्ये सुरू झाला. त्यातील रायफली दिसायला हुबेहूब लष्करी रायफलींसारख्या असतात.

आतले भाग बदलल्याने काय होते?

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दाबलेली स्प्रिंग सुटते, ती पिस्टनला ढकलते आणि नळकांड्यातील हवा छर्‍याला बाहेर फेकते. बॅटरीवरील एअरसॉफ्टमध्ये स्प्रिंग दाबण्याचे काम मोटर आणि दातेरी चाके करतात. स्प्रिंग, पिस्टन, हवा अडवणारे सील आणि नळी हे भाग झिजतात, म्हणून ते बदलावे लागतात. तीच दुरुस्ती करताना अनेकदा जादा ताकदीची स्प्रिंग बसवली जाते. इथे गणित महत्त्वाचे आहे. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १० जूल असते. वेग २८३ मीटर झाला, म्हणजे साधारण ४१ टक्क्यांनी वाढला, की ऊर्जा थेट दुप्पट, २० जूल होते.

२० जूलचीच मर्यादा का महत्त्वाची?

शस्त्र कायदा, १९५९ मधील अग्निशस्त्राची व्याख्या केवळ दारूवर चालणार्‍या बंदुकांपुरती नाही. स्फोटक किंवा अन्य कोणत्याही ऊर्जेने गोळी फेकणारे शस्त्र तीत येते. त्यामुळे एअरगन मुळात कायद्याबाहेर नाही, तिला फक्त सूट आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक व्यास असलेल्या एअरगनला परवाना लागतो. त्याखालच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे. ही सूट ‘एअरगन’ या नावाला नसून तिच्या ऊर्जेला आणि व्यासाला आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने काय बदलले?

नकली शस्त्राचे खर्‍या शस्त्रात रूपांतर करण्यास कलम ६ नुसार आधीपासूनच मनाई होती. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली. शस्त्र नियमांतील एका वर्गातील अग्निशस्त्र विनापरवाना दुसर्‍या वर्गात बदलणे हाही गुन्हा झाला. त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद वेगळी आहे. २० जूलच्या आतील एअरगन त्यापुढे नेणे या तरतुदींच्या कक्षेत येऊ शकते. त्यात भाग बदलून देणारा कारागीर आणि बंदूक बाळगणारा मालक, दोघेही अडचणीत येऊ शकतात.

खान्देशात हा प्रश्न अधिक नाजूक का?

चोपडा तालुक्याच्या सीमेवर मध्य प्रदेशातील उमर्टी गाव गावठी कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे कारवाईसाठी गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका कर्मचार्‍याला पळवून नेण्यात आले. नंतर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी उमर्टीत छापा टाकून शस्त्रे बनवण्याच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. अशा भागात बंदुकीत ‘सुधारणा’ करून देण्याच्या कामाकडे पोलीस हौस म्हणून पाहतील, ही अपेक्षा फोल आहे.

दुसरी बाजू वन्यजीवांची. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये, हतनूर जलाशयावर येणारे स्थलांतरित पक्षी ही खान्देशची संपत्ती आहे. एअरगनला परवाना नसला तरी तिने संरक्षित पक्षी-प्राणी मारणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारच ठरते. अरुणाचल प्रदेशात शिकारीला आळा घालण्यासाठी २०२१ मध्ये एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली. तीत दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या.

एअरसॉफ्टबाबत पेच कोणता?

साधारण एअरसॉफ्टची ऊर्जा १ जूलच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या विसाव्या हिश्शाइतकी असते. पण तिच्या गोळीचा व्यास ६ मिलिमीटर आहे. म्हणजे ऊर्जेच्या अटीत ती सहज बसते, व्यासाच्या अटीत बसत नाही. ‘खेळणे आहे’ एवढ्या बचावावर विसंबणे त्यामुळे धोक्याचे आहे. इतर देशांनी या खेळासाठी स्वतंत्र मर्यादा आखल्या आहेत. ब्रिटनमध्ये स्वयंचलित एअरसॉफ्टसाठी १.३ जूल आणि एकेक गोळी झाडणार्‍या बंदुकीसाठी २.५ जूल अशी मर्यादा २०१७ च्या कायद्याने घातली. जपानमध्ये ६ मिलिमीटरच्या गोळीसाठी ती १ जूलपेक्षाही किंचित कमी आहे.

हौशी नेमबाजांनी काय काळजी घ्यावी?

ताकद वाढवल्याने नेम सुधारतो, हा समज चुकीचा आहे. ऑलिम्पिकमधील १० मीटर एअर रायफल साधारण ८ जूलच्या आसपासच काम करते. उलट जड स्प्रिंगने धक्का वाढतो, सील आणि पिस्टन लवकर झिजतात. भाग बदलायचेच असतील तर मूळ निर्मात्याचे, मूळ ताकदीचे घ्यावेत. खरेदीची पावती आणि निर्मात्याने दिलेला ऊर्जेचा तपशील जपून ठेवावा. जुनी बंदूक विकत घेताना आत काय बदलले आहे, हे विचारावे. दुरुस्तीनंतर क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणार्‍या यंत्रावर चाचणी करून घेणे सर्वांत उत्तम. हे यंत्र घरोघरी नसते, पण रायफल क्लब किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी करता येते. कारण आपली बंदूक २० जूलच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे नुसते डोळ्यांनी पाहून मालकालाही सांगता येत नाही.